भट्टीची कॉइल घरी गुंडाळताना: ओहम जुळले तरी तार का जळते?

चाकावरची माती (ठाणे पश्चिम):
नमस्कार मंडळी. मातीकामाच्या गप्पांमध्ये एक प्रश्न सारखा वर येतो, छोट्या इलेक्ट्रिक भट्टीची कॉइल तुटली, नवीन कुठे मिळेल? आणि खाली उत्तरं येतात, की अमुक गल्लीत जा, ओहम सांगा, करून देतील. नुसते ओहम सांगून भागत नाही, हे एकदा नीट आकड्यांसकट लिहून ठेवायचं होतं म्हणून हा धागा. ठाण्यात, ऐरोलीत, वाशीत आता कितीतरी जण घरी किंवा छोट्या गाळ्यात भट्टी ठेवतात आणि कॉइल हा तिचा जीव आहे, बाकी सगळं विटा आणि पत्रा.

उदाहरण म्हणून माझीच भट्टी घ्या. आतून ९ बाय ९ बाय ९ इंच, म्हणजे साधारण १२ लिटर. तीन भिंतींना खाचा, समोर दार. घरचं सिंगल फेज कनेक्शन, २३० व्होल्ट. ३ किलोवॅट हवे असतील तर करंट १३ अँपिअर, आणि २३० भागिले १३ केलं की रेझिस्टन्स आला साधारण १७.६ ओहम. इथपर्यंत सगळेच येतात. घोळ पुढे आहे.

हे १७.६ ओहम १८ गेजच्या १४ मीटर तारेत मिळतात आणि १६ गेजच्या २५ मीटर तारेतही मिळतात. मल्टीमीटरला दोन्ही सारख्याच. करंट तोच, वॅट तेच, बिल तेच. पण १८ गेजची तार १.२२ मिमी जाडीची, तिच्या १४ मीटरचं बाहेरचं क्षेत्रफळ भरतं ५४४ चौरस सेमी. १६ गेज म्हणजे १.६३ मिमी, तिच्या २५ मीटरचं क्षेत्रफळ जवळपास १२९०. आता ३००० वॅट या क्षेत्रफळाने भागा. पातळ तारेला प्रत्येक चौरस सेमीमधून साडेपाच वॅट बाहेर टाकायचे आहेत, जाड तारेला २.३. तारेतली उष्णता बाहेर पडायला तिची कातडी एवढा एकच रस्ता आहे. कातडी कमी पडली की तेवढीच उष्णता टाकायला तार जास्त तापते, दुसरा इलाज नाही तिच्याकडे.

भट्टी आत १२२० अंशांना आहे (माझे ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचे काचेसारखे लेप, कोन ६ चे, म्हणजे भाजणीच्या मापाने सहा नंबरचे, तेवढं लागतं) तर तार त्याहून वर असणारच. कांथल ए-वन या कॉइलच्या तारेची मर्यादा तिच्या स्वतःच्या तापमानाला १४०० अंश आणि १५०० ला ती वितळते. हे १४०० भट्टीचं तापमान नाही, तारेचं आहे, लोक इथेच गल्लत करतात. म्हणजे आपल्या हातात फरक किती उरतो बघा. साडेपाच वॅटची तार तो सगळा खाऊन टाकते. मी १२०० च्या आसपास जाणाऱ्या भट्टीला अडीच वॅटच्या वर जाऊ देत नाही, नुसती बिस्किंग (ग्लेझ लावायच्या आधीची कच्ची भाजणी) १००० पर्यंत करायची असेल तर थोडं सैल सोडता येईल.

दुसरं कारण ॲल्युमिनियम. कांथल ए-वन म्हणजे लोखंड, त्यात सुमारे २२ टक्के क्रोमियम आणि ५.८ टक्के ॲल्युमिनियम. तापल्यावर हे ॲल्युमिनियम पृष्ठभागावर येऊन ॲल्युमिनाचा करडा पापुद्रा धरतं आणि तोच पापुद्रा आतल्या धातूला वाचवतो. प्रत्येक फायरिंगमध्ये पापुद्रा थोडा तडकतो, तार परत ॲल्युमिनियम पुरवते. साठा संपला की तार संपली. जाड तारेत साठा जास्त. म्हणून जाड आणि लांब तार, हे माझं पक्कं मत आहे, महाग पडली तरी.

गुंडाळायचं कसं यावर जाणकारांनी लिहा. विशेषतः वाइंडर काका असतील तर त्यांनी नक्की.

---

घणसोलीचा गाळा:
ताई अगदी वेळेवर धागा. मी सेकंड हँड भट्टी घेतली, आतली मापं जवळपास तुमच्यासारखीच, खाच मात्र मोजून १३ मिमी रुंद आहे. आलेली कॉइल पाचव्या-सहाव्या ग्लेझ फायरिंगला गेली, दुकानातून नवीन करून आणली तीही गेली, दोन्ही वेळा मधल्या रांगेतच. दुकानदार म्हणतो ओहम बरोबर आहेत, तुमच्या विजेत लोचा आहे. मी मीटर लावला तर खरंच १७.५ दाखवतो. तुटलेल्या तुकड्याला व्हर्नियर लावला तर १.२ मिमी. म्हणजे ही तुमची साडेपाच वॅटवालीच ना?

---

चाकावरची माती:
हो, तीच. दुकानदाराने ओहम बरोबरच दिले, तुम्ही मागितले तेवढे. मधली रांग आधी जाते कारण वर-खाली दोन्हीकडे शेजारच्या रांगा तापलेल्या, तिला श्वास घ्यायला जागा सगळ्यात कमी. विजेचं म्हणाल तर व्होल्टेज कमी असेल तर उलट तार कमी तापेल. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, २३० चे २१० झाले तर ३ किलोवॅटचे अडीच होतात, भट्टी रेंगाळते पण कॉइल त्याने जळत नाही.

---

कळवेकर:
वाचनखूण साठवली. एक शंका, नायक्रोम का नको? लोखंडी मार्केटमध्ये नायक्रोम स्वस्तात मिळते, इस्त्री टोस्टर गिझर सगळीकडे तीच असते, शंभर वर्षांहून जुनी वस्तू आहे.

---

वाइंडर काका (वागळे इस्टेट):
नायक्रोम वाईट नाही. मार्श साहेबाने १९०६ ला पेटंट घेतलं, तेव्हापासून चालू आहे. गरम असताना ती कांथलपेक्षा कणखर, लोंबत नाही, आणि वापरून झाल्यावरही वाकवता येते. पण ८०-२० नायक्रोमची (८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम) मर्यादा १२०० अंश, तारेची. म्हणजे भट्टी हजार-अकराशेच्या पुढे नेऊ नये. टेराकोटा, बिस्क, इनॅमलचं काम असेल तर घ्या खुशाल. स्टोनवेअरला, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या भांड्यांना, कांथलच.

बाजारात गेल्यावर खिशात लोहचुंबक ठेवा. कांथलला चुंबक चिकटतं, ८०-२० नायक्रोमला चिकटत नाही. दुकानातला पोरगा काहीही सांगो, चुंबक खोटं बोलत नाही. मात्र चुंबक चिकटलं म्हणजे ए-वनच असं नाही, साध्या लोखंडी तारेलाही चिकटतं आणि हलक्या ग्रेडच्या कांथललाही. म्हणून दुसरी परीक्षा ओहमची. एक मीटर मोजू नका, मीटरच्या वायरींचेच पॉइंट दोन पॉइंट तीन ओहम त्यात मिसळतात. दहा मीटर सोडा, जमिनीवर पसरा, वळसे एकमेकांना लागू देऊ नका, मग मोजा. १६ गेज ए-वन असेल तर दहा मीटरला ७ ओहम आले पाहिजेत. सव्वापाच आले तर ती नायक्रोम आहे. अकरा आले तर तार ए-वनच आहे पण गेज अमेरिकन आहे. आपल्याकडे दुकानात गेज म्हणजे एसडब्ल्यूजी, ब्रिटिश माप, पण ऑनलाइन बाहेरून आलेला माल अमेरिकन गेजचा असतो, त्यांचं १६ म्हणजे १.२९ मिमी. आकडा तोच, तार बारीक. मी तर पोरांना सांगायचो गेज बोलूच नका, मिमी बोला.

गुंडाळायचं संध्याकाळी सविस्तर लिहितो, मोबाइलवर एवढं टाइप करून बोटं दुखतात.

---

नेरूळची ऋतू:
ऑनलाइन कांथल शोधलं तर सगळीकडे छोट्या रिळा दिसतात, २६ गेज, २८ गेज, पाच-दहा मीटरच्या. त्या चालतील का, चार-पाच पदरी पीळ देऊन?

---

चाकावरची माती:
नाही. त्या व्हेपच्या ॲटोमायझरमध्ये कॉइल भरणाऱ्यांसाठीच्या रिळा असतात, अर्धा मिमीहून बारीक. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, साठवण, आयात सगळंच बंद आहे, त्यामुळे तो विषय इथे नकोच. धातू तोच असला तरी त्यांचं गणित दीड-दोन सेकंद तापायचं आहे, आपलं आठ-दहा तास. पीळ दिला तर आतल्या पदरांच्या कातड्या एकमेकींना झाकतात आणि प्रत्येक पदर बारीकच राहतो. एक सलग जाड तारच घ्यायची.

---

ऐरोलीचा सुतार:
माझा सवाल घणसोलीवाल्यांसाठी आणि ताईंसाठी. त्याच १८ गेजच्या दोन कॉइली करून पॅरेललमध्ये लावल्या तर? प्रत्येकी ३५ ओहम, एकत्र साडेसतरा. वॅट वाटले जातील. मी लाकूडवाला माणूस आहे, ढोबळ विचारतोय.

---

चाकावरची माती:
ढोबळ नाही, फार चांगला प्रश्न आहे, आणि कागदावर उत्तर मस्त येतं. प्रत्येकी ३५ ओहमला १८ गेजची २८ मीटर तार, दोन्ही मिळून ५६ मीटर, क्षेत्रफळ २१७० चौ. सेमी, भार १.४ वॅट. १६ गेजच्या एका कॉइलपेक्षाही कमी!

पण खाचेत बसवायला जा. तीन भिंती प्रत्येकी २३ सेमी, म्हणजे एका रांगेला ६९ सेमी, सहा रांगा धरल्या तर खाच एकूण ४.१ मीटर. ५ मिमी सळईवर १८ गेज गुंडाळली तर एका वेढ्याला साडेएकोणीस मिमी तार जाते, दोन्ही कॉइली मिळून जवळपास २९०० वेढे आणि वेढ्याला वेढा चिकटून साडेतीन मीटर लांबी. ती ४.१ मीटर खाचेत ताणून बसवली तर वेढ्यांमध्ये फट राहणारच नाही, आणि वेढे चिकटलेले असले की एकमेकांना भाजतात, क्षेत्रफळ मोजलं ते निम्मं वायाच जातं. मध्ये किमान एका तारेएवढी फट हवी, म्हणजे चिकटून असलेली लांबी दुप्पट तरी ताणली गेली पाहिजे. मोठी भट्टी असती, खाचा आठ-दहा रांगांच्या असत्या, तर तुमचीच आयडिया घेतली असती. मोठ्या भट्ट्यांमध्ये असंच करतात.

१६ गेजचं तेच गणित ६ मिमी सळईवर: एका वेढ्याला २४ मिमी, २५.२ मीटरचे १०५० वेढे, चिकटून १.७ मीटर. ४.१ मीटर खाचेत ताणलं की २.४ पट. दोन ते तीनच्या मध्ये, हवं तस्सं.

---

घणसोलीचा गाळा:
आणि १४ गेज? अजून जाड, अजून टिकाऊ? पैसे जास्त गेले तरी चालतील, परत परत भट्टी उघडायचा कंटाळा आलाय.

---

चाकावरची माती:
१४ गेजला १७.६ ओहमसाठी ३९ मीटर लागते, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास, भार फक्त १.२ वॅट. पण तिला ८ मिमी सळई तरी हवी, मग कॉइल बाहेरून १२ मिमीच्या पुढे जाते, तुमच्या १३ मिमी खाचेत घासून बसेल, आणि तिथेही ताण १.६ पटच येतो, दोनच्याही खाली. तुमच्या खाचेला १६ च बरोबर.

---

वाइंडर काका (वागळे इस्टेट):
आता गुंडाळण्याचं. सळई ब्राइट बारची (गुळगुळीत पॉलिश केलेली) घ्या, ६ मिमी, गंज नसलेली, दोन मीटरच्या वर लांब. कॉन्क्रीटवाला साधा बार नको, त्यावरच्या उंचवट्यांवरून कॉइल निघणार नाही. एका टोकाशी २ मिमीचं भोक पाडा, तारेचं टोक त्यात अडकवायला. गुंडाळायच्या आधी दोन्ही टोकांना लीडसाठी तार जास्त सोडायची, त्यावर पुढे येतो.

लेथ असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर हॅन्ड ड्रिल शिकंज्यात आडवं पकडायचं आणि सगळ्यात कमी स्पीडवर चालवायचं. सळईचं दुसरं टोक लाकडाच्या ठोकळ्यात भोक पाडून त्यात मोकळं फिरू द्या, नाहीतर दोन मीटरची सळई उडायला लागते. हातात चामड्याचे हातमोजे. कापडी नकोत, कापड तारेबरोबर ओढलं गेलं तर बोट जाईल. तार हातमोज्याने धरू नका, दोन लाकडी पट्ट्यांच्या मधून सरकवा, पट्ट्यांवर दाब तेवढाच ठेवा की तार कुरकुर करत सरकेल. तो आवाज एकसारखा येत राहिला की ताण एकसारखा आहे असं समजा. मध्येच आवाज बदलला तर थांबा, रिळात गाठ पडलेली असते. तार सळईला काटकोनात न धरता जरा मागे झुकवून धरा, झालेल्या वेढ्यांच्या बाजूला, म्हणजे नवा वेढा आपोआप जुन्याला टेकून बसतो.

शेवट आला की ड्रिल लगेच सोडू नका. तारेत साठलेला ताण मोकळा झाला की कॉइल उलटी फिरते आणि मोकळं टोक चाबकासारखं येतं. चष्मा घालाच. टोक पक्कडीत धरून हळूहळू ढिलं सोडा. ढिली झाली की ती जरा फुगते, ६ मिमीची आतून साडेसहाच्या आसपास होते, म्हणून १३ मिमी खाचेत बाहेरून १० मिमीची कॉइल आरामात बसेल.

एक गोष्ट खास. तारेला नख लागेल एवढीही खाच पडू देऊ नका, पक्कडीचे दात उमटले की तीच जागा पुढे गरम ठिपका होते. पक्कडीच्या जबड्यांना तांब्याची किंवा पितळेची पट्टी लावायची सवय असते आपल्याला, इथे तीही नको, तांब्याचा कण तारेला चिकटून भट्टीत गेला तर पापुद्रा खातो. चामडं लावा.

---

कळवेकर:
काका _/\_ हे असं कुठल्या व्हिडिओत पाहिलं नाही.

---

नेरूळची ऋतू:
ताणायचं कसं काका? मी एकदा हाताने ताणताना बघितलंय, मध्ये सैल आणि टोकाला घट्ट अशी झालेली कॉइल.

---

वाइंडर काका (वागळे इस्टेट):
एक टोक शिकंज्यात, दुसरं हुकाला, आणि दोन माणसं. गॅलरी छोटी असेल तर जिन्याच्या लॉबीत करा. कॉइल लवचीक आहे, ४.१ मीटरपर्यंत ओढून सोडलीत तर परत आखडेल. थोडं ओढा, सोडा, टेप लावा, परत थोडं जास्त ओढा. सोडल्यावर ४.१ राहिली पाहिजे. एकदा जास्त ताणली गेली की परत दाबून घालणं वाईट, वेढे वाकडे होतात, त्यामुळे घाई नको. ओढायच्या आधी मध्यावर आणि पाव पाव अंतरावर दोरा बांधा, ओढताना दोरे समान अंतरावर राहतात का बघत राहा. मागे पडलेला भाग हाताने धरून तेवढाच ओढायचा.

लीडचं आता. भट्टीच्या भिंतीतून बाहेर येणारा भाग दुपदरी किंवा तिपदरी पिळायचा, त्याच तारेचा. दोन पदर झाले की त्या भागाचा रेझिस्टन्स निम्मा, तो कमी तापतो आणि टर्मिनल जळत नाही. दोन्ही टोकांना ४० सेमी तरी जास्त सोडा, दुमडून पीळ द्या. म्हणजे २५ मीटर हिशोब असला तरी २७-२८ मीटर घ्या. दुकानात ही तार वजनावर मिळते, १६ गेज मीटरला १५ ग्रॅमच्या जरा आत बसते, अर्धा किलो घेतली तर ३४ मीटर भरते, उरलेल्या तारेच्या खाचेत टोचायच्या पिना करा. पिना कांथलच्याच हव्यात. साध्या लोखंडी तारेची पिन पहिल्याच ग्लेझ फायरिंगमध्ये खपली होऊन कॉइलवर पडेल.

---

ऐरोलीचा सुतार:
विटेत खाच करायला काय वापरता? माझ्याकडे राउटर आहे.

---

चाकावरची माती:
राउटर एकदम छान चालतो पण गोल बिट जुनी घ्या, वीट बिट खाते. ही हलकी इन्सुलेशनची वीट असते, नखाने उकरली जाते. साधी लाल किंवा जड फायर ब्रिक घेऊ नका. खाचेचं तोंड आतल्या पोटापेक्षा जरा अरुंद आणि खालच्या बाजूला उतार असा आकार ठेवला की कॉइल गरम होऊन मऊ पडली तरी बाहेर लोंबत नाही. धूळ मात्र वाईट असते. मास्क लावूनच काम करा, ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. सिरॅमिक फायबरची चादर कुठे कापत असाल तर अजून जपून, ते तंतू फुफ्फुसात जातात.

कोपऱ्यात कॉइल वळते तिथे आतल्या बाजूचे वेढे एकमेकांना चिकटतात. तिथे आधीच दोन-तीन वेढे हाताने जास्त उघडून घ्या आणि कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना पिन मारा. हे सगळं पहिल्यांदा तापवायच्या आधी. कांथल एकदा हजारच्या वर जाऊन आली की तिचे दाणे मोठे होतात आणि थंड असताना ती काचेसारखी तुटते. नंतर एखादा वेढा सरळ करायचा असेल तर भट्टी मंद लाल करून, मेन स्विच बंद करून, प्लग काढून, मगच चिमट्याने.

---

ठाण्याचा वायरमन:
ताईंनी शेवटी लिहिलं ते मोठ्या अक्षरात घ्या लोकहो. कॉइल उघडी असते आणि तिच्यावर पूर्ण २३० असतात. दार उघडून लोखंडी चिमटा आत घातला आणि कॉइलला लागला तर संपलं. दाराला लिमिट स्विच लावा, दार उघडलं की काँटॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) पडला पाहिजे आणि काँटॅक्टरने फेज-न्यूट्रल दोन्ही तोडले पाहिजेत, एक नाही. पत्र्याच्या बॉडीला अर्थिंग स्वतंत्र बोल्टने.

१३ अँपिअर तासन् तास ओढायचे असतील तर घरातला १६ अँपिअरचा प्लग वापरू नका. मिक्सर-गिझरसाठी तो ठीक, पण आठ तास सलग चालवलात तर पिना तापून प्लास्टिक पिवळं पडतं, मी असे किती प्लग बदललेत. मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर मिमीची लाइन, २० अँपिअरचा एमसीबी, त्याच्यापुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि भट्टीशी आयसोलेटर (पूर्ण लाइन बंद करायचा स्विच). बिलावर तुमचा मंजूर भार किती लिहिलाय ते आधी बघा, जुन्या सोसायट्यांमध्ये तो भट्टी धरून पुरत नाही, वाढवून घ्या, अर्ज करून होतं.

एसएसआर (कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावत असाल तर लक्षात ठेवा तो बिघडला की बहुतेक वेळा चालूच राहतो, बंद होत नाही. पीआयडी (तापमान सांभाळणारा कंट्रोलर) ओरडत राहील आणि भट्टी चढत राहील. म्हणून त्याच्या आधी एक काँटॅक्टर आणि त्याला वेगळा ओव्हर-टेंपरेचर कट. आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन तारांची जोडी) उलटा जोडला की तापमान वाढताना आकडा उतरतो. के टाइपच्या दोन तारांपैकी जिला चुंबक चिकटतं ती अल्युमेल, ती मायनस. काकांचं चुंबक इथेही कामाला येतं.

---

घणसोलीचा गाळा:
वायरमन दादा, पावसाळ्यात माझा आरसीसीबी भट्टी चालू केली की दोन मिनिटांत पडतो. उन्हाळ्यात काही नाही. एकाने सांगितलं की आरसीसीबी काढून टाक, भट्टीला तो चालतच नाही. काय करू?

---

ठाण्याचा वायरमन:
काढायचा नाही. ज्याने सांगितलं त्याचं ऐकू नका.

ही विटांची ओल आहे. आपल्या खाडीकाठच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये वीट पाणी पिऊन बसते, ओल्या विटेतून कॉइलचा करंट बॉडीला गळतो आणि ३० मिलिअँपिअर म्हणजे फारच थोडा असतो, आरसीसीबी आपलं काम करतो. वीट आधी वाळवा. भट्टीत १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लोंबता ठेवा, दार बोटभर उघडं, रात्रभर. सकाळी मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असेल तर कॉइल ते बॉडी मोजा, नसेल तर चालू करून बघा. चार-पाच दिवस वापर नसेल तर पावसाळ्यात बल्ब आत पेटताच ठेवा. तरीही पडत असेल तर लीड भिंतीतून येते तिथली पोर्सिलीनची नळी फुटली आहे का बघा.

---

नेरूळची ऋतू:
हे बल्बचं माझ्याकडे दोन वर्षं चालू आहे, खात्रीने सांगते चालतं. फक्त एलईडी बल्ब नको, तो तापत नाही.

---

घणसोलीचा गाळा:
बल्ब ठेवला होता रात्री, आज आरसीसीबी पडला नाही 🙏 १६ गेज अर्धा किलो आणली, दहा मीटरला ७.१ ओहम, चुंबक चिकटलं. शेजारच्या गाळ्यातल्या टर्नरने लेथवर गुंडाळून दिली, काकांनी लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं, लाकडी पट्ट्यांवर तो आधी नाक मुरडत होता मग म्हणाला बरोबर आहे. ताणून खाचेत बसवली, लीडसकट मीटर १७.७ दाखवतो. आता लगेच माल भरू का? दिवाळीच्या पणत्यांची ऑर्डर आहे.

---

चाकावरची माती:
अभिनंदन! पण लगेच नाही. पहिली फायरिंग रिकामी. वरचं भोक उघडं ठेवून हळूहळू १०५० पर्यंत न्या आणि तिथे सात-आठ तास धरा. भट्टीत भरपूर हवा गेली पाहिजे, ऑक्सिजन मिळाला तरच ॲल्युमिनाचा पापुद्रा नीट धरतो. संपल्यावर चमकणारी तार करडी, मळकट दिसेल, घाबरू नका, तीच हवी आहे. त्या आधी तारेवर बोटांचा घाम, तेल लागलं असेल तर स्पिरिटने पुसून घ्या, मीठ तिला चालत नाही.

पणत्या बिस्कच असतील तर काळजी नाही. ग्लेझ करताना मात्र भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवा. ग्लेझचा थेंब उडून कॉइलवर पडला तर तिथला पापुद्रा विरघळतो आणि तार तिथेच तुटते. पडलाच तर पुढच्या फायरिंगआधी काढायचा, खरवडून नाही, भट्टी लाल करून बंद केल्यावर चिमट्याने. आणि कोणी राकूसारखा (धुरात काळ्या केलेल्या भांड्यांसारखा) काळा रंग यावा म्हणून भुसा, कापूर, कागद आत टाकायला सांगितलं तर इलेक्ट्रिक भट्टीत अजिबात टाकू नका. त्यासाठी वेगळा डबा ठेवा. आत ऑक्सिजन संपला की पापुद्रा परत धरत नाही. मातीतल्या शेण-भुशाचा थोडा धूर ४००-५०० पर्यंत निघतोच, त्याला वरचं भोक उघडं पुरतं.

आजचे १७.७ ओहम भट्टीच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा. तार जशी म्हातारी होते तसे ओहम वाढतात. दहा टक्के वाढले, म्हणजे साडेएकोणीस झाले, की भट्टीला शेवटचे शंभर अंश चढायला फार वेळ लागायला लागेल, तेव्हा नवी गुंडाळायला घ्यायची, तुटेपर्यंत थांबायचं नाही. क्लॅम्प मीटर असेल तर दर काही फायरिंगनंतर करंट बघत राहा, गरम असताना थंडपेक्षा चार टक्के कमी दिसतो, तेवढं नैसर्गिक आहे.

---

कळवेकर:
दहा टक्के वाढले आणि एकाच रांगेची तार खराब दिसते, बाकी चांगल्या, तर तेवढीच रांग बदलून जोड देता येईल का?

---

वाइंडर काका (वागळे इस्टेट):
जोड भट्टीच्या आत देऊ नये. वेल्डिंग केलं तरी त्या ठिकाणी दाणे मोठे होतात, ठिसूळ होतं, आणि नुसता पीळ देऊन जोडलं तर पापुद्रा मध्ये येऊन ठिणग्या पडतात. जुनी आणि नवी तार एका सर्किटमध्ये ठेवली तर ओहम सारखे नसतात, जुनी जास्त तापते, आधी तीच जाते. सगळी एकदम बदला. अर्धा किलो तारेसाठी ऑर्डरचा माल वाया घालवू नका.

घणसोलीवाले, टर्मिनलचे नट पहिल्या रिकाम्या फायरिंगनंतर भट्टी पूर्ण थंड झाल्यावर, प्लग काढून परत आवळा. पहिल्यांदा तापून सगळं बसतं आणि ते ढिले होतात. स्टेनलेसचे नट-बोल्ट आहेत ना? झिंकचे असतील तर आत्ताच बदला.

---

घणसोलीचा गाळा:
झिंकचे होते काका. बदलले. रिकामी फायरिंग रविवारी लावतो, फोटो टाकतो.